आई-बाबांच्या ‘नोंदणी’पायी गेलेले १,३१० डॉलर

सांगायची लाज वाटते. पण गप्प बसले तर मला फसवणारा माणूस उद्या आणखी कुणाच्या आई-बाबांना गाठेल, म्हणून लिहितेय.

आम्ही अमेरिकेत एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, मुलगा एच-४ या कुटुंबीयांच्या व्हिसावर. त्याला नुकतीच १४ पूर्ण झाली. आई-बाबा बी-२ या पर्यटक व्हिसावर सहा महिन्यांसाठी आलेत. परकीय नागरिकांनी सरकारकडे करायच्या नोंदणीचं प्रकरण इथे सगळ्यांच्या कानावर आहे. कायदा १९४०पासूनचा, पण इतकी वर्षं फारसं कुणी विचारत नव्हतं. ११ एप्रिल २०२५पासून नवा नियम लागू झाला. मुद्दाम नोंदणी टाळली तर ५,००० डॉलरपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. अशा वातावरणात ओळखीतल्या एकीने एका माणसाचा नंबर दिला, ‘मराठी माणूस आहे, सगळं करून देतो’ म्हणाली.

‘ताई, तीस दिवसांच्या वर राहणाऱ्या प्रत्येकाला नोंदणीचा फॉर्म भरावाच लागतो. परत जाताना आईंना विमानतळावर अडवलं तर काय करणार?’ हे त्याचं वाक्य ऐकलं आणि माझं डोकं चालेनासं झालं.

माणशी १८५, आई, बाबा आणि मुलगा अशा तिघांचे ५५५ डॉलर. दोन दिवसांनी ठशांचे म्हणून माणशी ८५, म्हणजे २५५. आठवड्याने फोन आला की बाबांची फाइल उशिरा गेली, दंड माफ करून घ्यायचे ५००. एकूण १,३१०. सगळे झेलने, म्हणजे फोनवरून बँकेचे पैसे थेट पाठवायच्या सोयीने, तेही एका खासगी माणसाच्या नावावर. सरकार कधी कुणाच्या झेलवर पैसे घेतं का?

पण मला डाचतो तो दुसराच क्षण. ठशांचे पैसे भरत होते तेव्हा बाबा शेजारी बसले होते. म्हणाले, ‘अगं, उतरलो तेव्हा त्या खिडकीपाशी बोटांचे ठसे घेतले की माझे, फोटोही काढला. आता परत कशाला?’ मी काय म्हणाले? ‘बाबा, तुम्हाला इथलं काही माहीत नाही.’ आणि बटण दाबलं.

बाबांचं बरोबर होतं. ज्यांच्याकडे आय-९४, म्हणजे देशात प्रवेश केल्याची सरकारी नोंद, आहे त्यांची नोंदणी झालेलीच असते. तो आय-९४ सीबीपी या सीमा तपासणी खात्याच्या साइटवरून फुकट उतरवता येतो. त्या माणसाने पहिल्याच दिवशी माझ्याकडून आई-बाबांचे आय-९४ मागून घेतले होते! म्हणजे नोंदणीचा पुरावा हातात धरून त्याने मला नोंदणी विकली.

मी काही अडाणी नाही. घरातले सगळे सरकारी कागद मीच बघते. घोळ झाला कारण त्याच्या तीन गोष्टींतली एक खरी होती. मूल १४ वर्षांचं झालं की तीस दिवसांत त्याची नव्याने नोंदणी करून ठसे द्यावे लागतात, आय-९४ असला तरी. मुलाचं खरं म्हणून आई-बाबांचंही खरं, असं मी धरून चालले. ग्रीन कार्डवाल्या मुलांसाठी आय-९० हा वेगळा फॉर्म असतो, बाकीच्यांना जी-३२५आर. तो यूएससीआयएस या इमिग्रेशन खात्याच्या साइटवर ऑनलाइन भरायचा आणि खातं मुलाच्याच नावाचं लागतं. हा माणूस आमच्याकडून खातं उघडून घेईना, तिथेच फोन ठेवायला हवा होता.

शेवटी तीन ‘प्रमाणपत्रं’ आली. आईच्या आणि बाबांच्या कागदावर क्रमांक एकच. फोन लावला तर बंद.

मग सुरू झाली खरी वणवण. बँक म्हणाली, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, परत मिळणार नाहीत. पोलिस चौकीत पाऊण तास बसवलं आणि ‘हे ऑनलाइनचं आहे, केंद्राकडे जा’ म्हणून वाटेला लावलं. केंद्राच्या तक्रार खात्याकडे अर्ज केला, एक क्रमांक मिळाला, पुढे काहीच नाही. हेल्पलाइनवर यंत्राशी बोलून बोलून माणूस मिळाला, तो म्हणाला की खासगी व्यवहारात आम्ही पडत नाही. मग पडतं कोण? नियमाची भीती घालताना सगळे पुढे, त्याच नियमाच्या नावाने कुणी लुटलं की प्रत्येकाचं दार बंद! आमची नावं, पासपोर्टचे फोटो, व्हिसा, घरचा पत्ता, सगळं त्या माणसाकडे आहे आणि याची एकालाही फिकीर नाही.

माझा सोशल सिक्युरिटी नंबरही त्याने ‘स्पॉन्सर’ म्हणून घेतला होता. कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या तिन्ही क्रेडिट कंपन्यांकडे त्याच रात्री फ्रीझ लावलं, म्हणजे माझ्या नावावर दुसऱ्या कुणाला कर्ज काढता येऊ नये. त्याला पैसे पडत नाहीत. तुम्हीही दिला असेल तर आजच लावा.

मुलाचा फॉर्म मी स्वतः भरला. फॉर्मचे शून्य डॉलर, ठशांचे शून्य डॉलर. ठसे दिल्यावर पुराव्याचा कागद खात्यातच येतो. पण त्या माणसाच्या नादात तीस दिवस उलटून अकरा दिवस झाले होते, आणि ते अकरा दिवस पुढे कुठे नडतील का, या विचाराने माझी झोप उडाली आहे.

वेबसाइटच्या पत्त्याच्या शेवटी डॉट जीओव्ही नसेल तर पासपोर्ट दाखवू नका. घरचा पत्ता बदलला तर दहा दिवसांत सरकारला कळवायचं असतं, तेही फुकट. त्याचेही पैसे मागणारे आहेत. सल्ला हवाच असेल तर परवानाधारक वकील किंवा न्याय खात्याची मान्यता असलेला प्रतिनिधी, तिसरा कुणी नको. मराठी बोलतो म्हणून तर मुळीच नको.

१८ वर्षांवरच्यांनी नोंदणीचा पुरावा जवळ बाळगायचा असतो. बाबा आता संध्याकाळी फिरायला निघताना आय-९४ची घडी शर्टाच्या खिशात ठेवतात आणि दारातून मला दाखवून जातात. त्या दिवसाबद्दल ते मला एक शब्दही बोललेले नाहीत.