‘टीचर्स अँड रायटर्स’चा कवी वर्गात बोलावताना

न्यूयॉर्कच्या शाळांमध्ये लिहिते कवी-लेखक पाठवायचं काम ‘टीचर्स अँड रायटर्स कोलॅबोरेटिव्ह’ ही संस्था १९६७पासून करते आहे. पाहुणा कवी आला, दोन कविता म्हटल्या, नारळ-शाल घेऊन गेला, असा हा प्रकार नाही. तोच कवी त्याच वर्गात पुन्हा पुन्हा येतो, मुलं त्याच्यासमोर लिहितात, शेवटी वर्गाचा संग्रह निघतो आणि मुलं आपल्या कविता मोठ्याने वाचतात. उपक्रम मनापासून शिफारस करावा असा आहे. मात्र शाळेने आपल्या वाटची कामं केली नाहीत तर चांगला कवीही फुकट जातो.

या पद्धतीचा पाया समजून घ्यायचा तर केनेथ कोक या अमेरिकन कवीकडे बघावं लागतं. १९६८मध्ये मॅनहॅटनच्या ‘पी. एस. ६१’ या सरकारी प्राथमिक शाळेत त्याने शिकवायला सुरुवात केली. त्याचा पहिला प्रयोग आजही कुठल्याही वर्गात जसाच्या तसा चालतो. प्रत्येक मुलाने एकच ओळ लिहायची. सुरुवात ‘मला वाटतं, असं व्हावं’ या अर्थाच्या शब्दांनी, आणि ओळीत एक रंग, चित्रकथेतलं एक पात्र, एखादं शहर किंवा देश यायलाच हवा. चिठ्ठ्यांवर नाव नाही. सगळ्या चिठ्ठ्या पिसायच्या आणि एकच कविता असल्यासारख्या सलग वाचायच्या. कोऱ्या कागदाची भीती जाते, कारण लिहायची ओळ एकच. आणि हसं होण्याची भीती जाते, कारण ओळ कोणाची ते कळत नाही. कोकने यमक नको म्हणून सांगितलं होतं आणि शुद्धलेखनाची चिंताही सोडायला लावली होती.

४५ मिनिटांचा तास साधारण असा बसतो: ५ मिनिटं एक छोटी कविता दोनदा वाचायची, १० मिनिटं तिच्यात काय दिसलं-ऐकू आलं ते बोलायचं, ५ मिनिटं फळ्यावर सगळ्यांनी मिळून चार ओळी करायच्या, १५ मिनिटं लिहायचं, १० मिनिटं वाचून दाखवायचं. घाईत कात्री लागते ती शेवटच्या दहा मिनिटांना, आणि खरा कवी लागतो तो नेमका तिथेच. ‘पाऊस छान पडतो’ अशी ओळ आली की शिक्षक ‘छान’ म्हणून पुढे जातात. कवी विचारतो, “कशावर पडतो?” मूल म्हणतं, “पत्र्यावर.” “मग आवाज कसा येतो?” दोन प्रश्नांत ओळ त्या मुलाची होते. शाळा पैसे मोजते ते या कानासाठी, कवीच्या पुरस्कारांसाठी नव्हे. म्हणून कवी निवडताना त्याचं पुस्तक बघण्यापेक्षा त्याचा एक तास बघावा.

बिघडतं कुठे, ते ठरलेलं आहे. एक-दोन भेटींत काही होत नाही. आठपेक्षा कमी तास घेऊ नयेत, कारण पहिले दोन तास ओळख होण्यातच जातात. एका वेळी २५-३० मुलं. ६० असतील तर दोन गट. वर्गशिक्षकांनी वर्गात थांबावं आणि स्वतःही लिहावं. ते वह्या तपासायला निघून गेले की कवीचा वेळ गप्प बसवण्यात जातो, आणि तो गेल्यावर लेखनही थांबतं. लाल पेन नको, पहिला-दुसरा नंबर तर अजिबात नको: पुढच्या तासाला सगळे त्याच मुलासारखं लिहितात. जो लिहीतच नाही त्याला बोलू द्यावं आणि मोठ्यांनी त्याचे शब्द तसेच उतरवून घ्यावेत. संग्रहात प्रत्येकाची एक तरी कविता हवी. टंकलेखन कोण करणार हे पहिल्याच बैठकीत ठरवा, नाहीतर संग्रह सुट्टी लागल्यावर निघतो.

आणखी एक दोष पद्धतीतलाच आहे. ‘मी पूर्वी असा होतो, पण आता...’ असे साचे तीन-चार तास छान चालतात, मग मुलं गाळलेल्या जागा भरल्यासारखं लिहू लागतात. यावर उपाय म्हणजे थोरांच्या कविता. कोकने विल्यम ब्लेक या इंग्रज कवीची वाघावरची कविता घेतली आणि मुलांना एखाद्या प्राण्याशी बोलायला लावलं. मराठीत जनाबाई आहेच: ती दळता-कांडता विठ्ठलाशी अरे-तुरे करते. तिचा असा एखादा अभंग वाचून मुलांनी घरातल्या मिक्सरशी बोलून बघावं.

न्यूयॉर्क-न्यू जर्सीत शनिवार-रविवारी मराठी शाळा चालवणाऱ्यांनी हे आवर्जून करावं. यमकाची मनाई मराठीत तर जास्तच कडक पाळावी लागते. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, त्यामुळे येतो-जातो-खातो असं यमक आपोआप जुळतं आणि मूल तिथेच खूश होऊन थांबतं. घरी मराठी आणि शाळेत इंग्रजी बोलणाऱ्या मुलाला मधला शब्द अडला तर इंग्रजी लिहू द्या. वाचून दाखवताना वर्गच मराठी शब्द सुचवतो.

कवी बोलावण्याइतके पैसे नसतील तर संस्थेचं मासिक इंटरनेटवर फुकट वाचता येतं. त्यातला एक पाठ उचला, ३० चिठ्ठ्या कापा आणि पहिली ओळ फळ्यावर स्वतः लिहा.