मॅटसिम, सात महिन्यांनंतर: ट्रकमागे अडकलेली दुचाकी

मॅटसिम हे शहरातल्या प्रवासाची संगणकावर नक्कल करणारे सॉफ्टवेअर मी निवडले ते फुकट आहे म्हणून. परवान्याचे जे पैसे वाचले, ते लॅपटॉपची मेमरी 16 वरून 32 जीबी करण्यात गेले. तरीही पुण्याच्या लोकसंख्येचा दहा टक्के नमुना चालवायला घेतला की पंखा रात्रभर घरघरत असे.

प्रत्येक काल्पनिक माणसाने आपला दिवस जगावा, कामात गुण मिळवावे, प्रवासात ते घालवावे आणि पुढच्या फेरीत वेळ, रस्ता किंवा वाहन बदलून पाहावे, ही मांडणी मला आजही आवडते. तक्रार एकच होती: माझ्या पुण्यात दुचाकीवर कोणी बसेना! चार महिने मी तिचा स्थिरांक, म्हणजे ते वाहन निवडल्याबद्दल मिळणारे ठरीव गुण, वाढवत राहिलो आणि अखेर तिचा वाटा पाहणीतल्या आकड्याशी जुळवला. मात्र बसभाडे निम्मे करून पाहिले, तेव्हा एकही दुचाकीस्वार हलला नाही. त्याला दुचाकी वेळ वाचतो म्हणून नव्हे, तर मी चिकटवलेल्या गुणांसाठी हवी होती.

मग एका रात्री इव्हेंट्सची, म्हणजे कोण कधी कुठे होता याच्या नोंदींची, फाइल उघडून एकाच माणसाचा माग काढला. कर्वे रस्त्याच्या एका लिंकवर, म्हणजे तुकड्यावर, तो ट्रकमागे शिरला होता आणि ट्रक बाहेर पडल्यावरच बाहेर पडला होता. त्याच्यामागे आणखी सहा दुचाक्या, शाळेच्या प्रार्थनेला उभ्या राहिल्यासारख्या शिस्तीत. कर्वे रस्त्यावर!

दोष माझाच होता. लिंकवरून वाहने कोणत्या क्रमाने निघतील हे ठरवणाऱ्या लिंक डायनॅमिक्स या सेटिंगचे मूळ मूल्य फिफो असते, म्हणजे जो आधी शिरेल तोच आधी निघेल, आणि ते मी बदललेच नव्हते. तिथेच सीपेजक्यू हा पर्याय आहे, ज्यात दुचाकी थांबलेल्या रांगेतून झिरपत पुढे जाते. पाटण्याच्या वाहतुकीवर या पद्धतीने काम झालेले आहे. तो शब्द बदलताच वाढवलेला स्थिरांक इतका जड ठरला की निम्मे शहर दुचाकीवर आले. तो उतरवून, सगळ्या फेऱ्या पुन्हा चालवून झाल्यावर बसभाड्याला लोक दाद देऊ लागले. म्हणून सुरुवातीला मनाशी दिलेले दोन तारे आता चार करतो.

पाचवा राखून ठेवतो, कारण माणसाने घर किंवा नोकरी बदलण्याचा विचार मॅटसिम स्वतः करत नाही. त्यासाठी सिलोसारखे भूवापराचे प्रारूप जोडावे लागते. त्याला मेमरी आणखी लागेल, तेव्हा तूर्त माझे पुणेकर आहेत तिथेच राहतील.