थायलंडचा रिटायरमेंट व्हिसा : पैसे दाखवायचे असतात, कुणाच्या हाती द्यायचे नसतात

थायलंडचा दहा वर्षांचा रिटायरमेंट व्हिसा काढून देतो असं सांगून कुणी तुमच्याकडे पैसे मागत असेल, तर चेक फाडण्याआधी हे वाचा. आमचे पावणेदहा लाख रुपये तिकडच्या एका कंपनीच्या खात्यात गेले आणि ते परत आलेले नाहीत. एजंटची फी गेली ती वेगळीच. आमच्याच वयाची किती जोडपी त्या सेमिनारला बसली होती हे आठवलं की आजही जीव कासावीस होतो, म्हणून सगळं तपशीलवार लिहिते आहे.

ह्यांना दम्याचा त्रास. डोंबिवलीची हवा, त्यात हिवाळ्यातलं धुकं आणि धूळ, त्यामुळे निवृत्तीनंतर वर्षातले काही महिने समुद्रकाठी कुठेतरी शांत राहावं असं मनात होतं. बँकॉकच्या नैऋत्येला साधारण 200 किलोमीटरवर हुआ हिन नावाचं गाव आहे. थायलंडच्या राजघराण्याचा उन्हाळी वाडा तिथे आहे, किनारा लांबलचक आहे, दवाखाने चांगले आहेत आणि परदेशी पेन्शनर मंडळी बरीच राहतात. सहलीत ते पाहिलं होतं आणि मनात भरलं होतं.

पुण्यातल्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये 'पन्नाशीनंतर परदेशात' अशा विषयावर मोफत सेमिनार होता. चहा, सामोसे, पडद्यावर निळा समुद्र. बोलणारा एजंट मराठी, प्रत्येकाला काका-काकू म्हणणारा, अतिशय अदबीचा. तो म्हणाला, थायलंड सरकारचा ओ-एक्स नावाचा व्हिसा आहे, पाच अधिक पाच अशी दहा वर्षं, दरवर्षी रांगेत उभं राहायला नको. ह्यांच्या दम्याचं ऐकल्यावर त्याने उत्तर थायलंडमधल्या चिआंग माईला राहा, हवा शुद्ध आहे, असा सल्ला दिला. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात तिकडे शेतं आणि जंगलं जळतात आणि त्या धुरात शहर अक्षरशः गुदमरतं. दम्याच्या माणसाला तिथे पाठवणारा सल्लागार कसला!

आता ओ-एक्सबद्दल. हा व्हिसा खरा आहे, त्याने तो कल्पनेतून काढलेला नाही, आणि म्हणूनच त्याच्या बोलण्यावर विश्वास बसतो. पण तो फक्त 14 देशांच्या नागरिकांना मिळतो. जपान, ऑस्ट्रेलिया, ब्रिटन, अमेरिका, कॅनडा, जर्मनी, फ्रान्स असे देश त्या यादीत आहेत, भारत नाही. शिवाय त्याला लागणारी बँकेतली रक्कम 30 लाख बाट आहे. हा माणूस आम्हाला 8 लाख बाटमध्ये ओ-एक्स देतो म्हणत होता. 8 लाखांचा आकडा दुसऱ्याच व्हिसाचा, ओ-ए नावाचा, जो भारतीयांना खरोखर मिळू शकतो. दोन व्हिसांच्या अटी त्याने सोयीने एकत्र कालवल्या होत्या. त्याने दिलेल्या पत्रावर गरुडाचं राजचिन्ह होतं, खाली शिक्का होता, आणि आमची दोघांची नावं पासपोर्टवरच्या स्पेलिंगसह बिनचूक होती.

खरी मेख पैशांच्या अटीत होती. नियम असा आहे की अर्जदाराच्या स्वतःच्या नावावर बँकेत 8 लाख बाट असावेत, किंवा महिन्याला 65 हजार बाट उत्पन्न असावं, किंवा दोन्ही मिळून वर्षाचे 8 लाख व्हावेत. ओ-एसाठी ही शिल्लक आपल्या देशातल्या बँकेतही चालते. म्हणजे ह्यांची ग्रॅच्युइटीची रक्कम डोंबिवलीच्या बँकेत ठेवून, तिचं स्टेटमेंट जोडून काम झालं असतं. एक रुपयासुद्धा देशाबाहेर पाठवायची गरज नव्हती. एजंटने मात्र उलटं सांगितलं. पर्यटकाला थायलंडमध्ये खातं उघडू देत नाहीत (हे बऱ्याच अंशी खरं आहे), म्हणून तुमची ठेव आधी आमच्या तिकडच्या भागीदार कंपनीच्या खात्यात ठेवायची, व्हिसा लागला की ती तुमच्या नावावर वळती होईल. अर्ध्या सत्याला जोडून आलेलं खोटं पटकन गळी उतरतं.

तेव्हाच्या दराने 8 लाख बाट म्हणजे जवळपास 21 लाख रुपये. त्याने सांगितलं, आधी काकांच्या नावाने पाठवा, मग काकूंच्या नावाने, दर वेळी दहा लाखांच्या आत, उरलेले मागाहून. कारण काय, तर परदेशी पाठवलेल्या रकमेवरचा 20 टक्के टीसीएस, म्हणजे बँक आगाऊ कापून घेते तो कर, वाचेल. 1 एप्रिल 2025 पासून आर्थिक वर्षात दहा लाखांच्या वर पाठवलेल्या अशा रकमेवर टीसीएस कापतात हे बरोबर आहे. पण तो कर बुडीत खात्यात जात नाही, रिटर्न भरताना आपल्या आयकरातून वळता होतो आणि जास्त असेल तर परत मिळतो. त्या 20 टक्क्यांची भीती घालून रक्कम दोन नावांत फोडण्यात त्याचा मतलब असा की मोठा आकडा पाहून बँकेत कुणी थांबवू नये.

ह्यांच्या नावाचे पैसे गेले. नंतर माझे पाठवायला मी बँकेत गेले तेव्हा परकीय चलनाच्या टेबलावर एक नवीन मुलगी होती. तिने ए-2 फॉर्म, म्हणजे परदेशी पैसे पाठवायचा अर्ज, हातात घेतला, पेनाचं टोक 'लाभार्थी' या रकान्यावर ठेवलं आणि विचारलं, "मॅडम, ही कंपनी तुमची आहे का?" मी म्हटलं, नाही, व्हिसाची ठेव आहे. तिने फॉर्म माझ्याकडे वळवला. "इथे तुम्ही प्रवासखर्च लिहिलंय. ठेव असेल तर खातं तुमच्या नावाचं हवं ना? आणि ही कंपनी व्हिसाचं काम करते की काय करते?" फॉर्म एजंटच्या माणसाने भरून दिला होता. लाभार्थीच्या नावात 'ट्रेडिंग' असा शब्द होता. व्हिसाचा आणि ट्रेडिंगचा काय संबंध? तिने शांतपणे फॉर्म बाजूला ठेवला आणि म्हणाली, आज नका पाठवू, आधी मुंबईच्या थाई कॉन्सुलेटकडून खात्री करून घ्या. त्या मुलीचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

खात्री करायला वेळ लागला नाही. थायलंडचा व्हिसा-अर्ज आता त्यांच्या सरकारी ई-व्हिसा संकेतस्थळावर भरतात आणि अर्जदाराचं स्वतःचं लॉगिन असतं. आमचं लॉगिनच नव्हतं, कारण अर्जच भरलेला नव्हता. शेजारच्या काकांची मुलगी बँकॉकला नोकरी करते, तिने ओ-एक्सची देशांची यादी पाठवली. बस्स, तिथेच सगळं उघडं पडलं.

एजंटला फोन केला तर सुरुवातीला कोटा संपला, सर्व्हर बंद आहे, थाई नववर्षाची सुट्टी आहे. नंतर त्याने दुसरा डाव टाकला. म्हणाला, काकू, तुम्ही बिनव्हिसा प्रवेशावर जा, पट्टायाला आमचा माणूस आहे, पासपोर्ट त्याच्याकडे द्या. खात्यावर तो आठ लाख स्वतःचे दाखवेल, वर्षभराचा शिक्का मारून आणेल. हा डाव आमच्यासाठी नवा होता, पण तिकडे जुना आहे, आणि पहिल्यापेक्षा घातक आहे. दुसऱ्याच्या पैशावर मिळवलेली मुदतवाढ केव्हाही रद्द होऊ शकते. शिक्का बनावट निघाला तर तुम्ही थायलंडच्या कायद्यापुढे गुन्हेगार. मुदतीपेक्षा जास्त राहिलं तर दिवसाला 500 बाट दंड, तो 20 हजारांपर्यंत जातो. स्वतः विमानतळावर हजर होणं वेगळं आणि पकडलं जाणं वेगळं, कारण पकडले गेलात तर एक दिवस जास्त झालेला असला तरी पाच वर्षं प्रवेशबंदी. सत्तरीकडे झुकलेल्या माणसाचा पासपोर्ट अनोळखी माणसाच्या ड्रॉवरमध्ये, ही कल्पनाच मला सहन झाली नाही. त्या सेमिनारमधल्या नागपूरच्या एका गृहस्थांनी मात्र हा मार्ग धरला होता. त्यांचा पासपोर्ट परत मिळवायला त्यांच्या मुलाला तिकडे जावं लागलं.

बँकेने पैसे परत मागवण्याचा निरोप पाठवला, लाभार्थीने संमती दिली नाही. पोलिसांत लेखी तक्रार केली, 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवरही नोंदवली. भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली फसवणुकीचा गुन्हा होतो, पण 'हा दिवाणी मामला' असं ऐकावं लागतं. गुन्हा नोंदवून घ्यायला लावायचा तर कागद हवेत: पावत्या, व्हॉट्सअ‍ॅपचे संवाद, ते गरुडाचं पत्र, ए-2 फॉर्मची प्रत. एजंट सगळं बोलणं फोनवर करतो आणि संदेश आपोआप पुसले जातील अशी सोय ठेवतो, तेव्हा रोजच्या रोज स्क्रीनशॉट काढून मुलाला पाठवत जा.

आम्ही जायचा विचार सोडलेला नाही. आता सगळे कागद स्वतः करतो आहोत. पोलीस क्लिअरन्स, म्हणजे आपल्यावर गुन्हा नसल्याचा दाखला, पासपोर्ट सेवा केंद्रातून 500 रुपयांत मिळतं. वैद्यकीय दाखला क्षय, कुष्ठरोग, हत्तीरोग, व्यसन आणि शेवटच्या टप्प्यातला सिफिलिस नाही एवढ्यापुरता असतो, त्याला दमा आड येत नाही. अडलंय ते विम्यापाशी. ओ-एला 30 लाख बाटचं, म्हणजे साधारण एक लाख डॉलरचं आरोग्यविम्याचं संरक्षण लागतं, आणि 68 वर्षांच्या दमेकऱ्याला तो विमा कुणी सहजी देत नाही. एजंट मात्र 'विमा पॅकेजमध्येच' म्हणून मोकळा झाला होता.

विमा नाहीच मिळाला तर दुसरी वाट आहे ती साध्या नॉन-इमिग्रंट ओ व्हिसाची. आधी 90 दिवस, मग तिथल्या इमिग्रेशन कचेरीत 1,900 बाट भरून वर्षाची मुदतवाढ, आणि तिला विम्याची सक्ती नाही. पण तिथे 8 लाख बाट थायलंडच्याच बँकेत, आपल्याच नावावर, अर्जाआधी दोन महिने आणि मंजुरीनंतर तीन महिने हलवता येत नाहीत, त्यानंतरही वर्षभर 4 लाखांखाली जाता येत नाही. दर 90 दिवसांनी पत्ता कळवायचा, आणि मध्येच भारतात यायचं तर री-एंट्री परमिट, म्हणजे पुन्हा प्रवेशाची परवानगी, काढूनच निघायचं, नाहीतर मुदतवाढ तिथल्या तिथे संपते. ह्यांचं म्हणणं आहे की आधी दोन विमा कंपन्यांचं उत्तर येऊ दे, मग ठरवू. तोवर मुदत ठेव माझ्या आणि ह्यांच्या जोडनावावर डोंबिवलीच्या बँकेतच आहे.