टायटॅनियम की ॲल्युमिनियम? सॅकमधलं भांडं निवडताना

पावसाळा तोंडावर आला की कोल्हापुरात पन्हाळा ते पावनखिंड मोहिमेची तयारी सुरू होते. पहिल्यांदा सॅक भरणारे हमखास विचारतात, ‘टायटॅनियमचं भांडं घेऊ का?’ मी उलट विचारतो, त्यात शिजवणार काय?

एकटे जाणार असाल आणि कोरा चहा, कॉफी, सूप यांच्यापुरतं पाणी उकळायचं असेल, तर खुशाल घ्या. 750 मिलीचं एकपदरी, म्हणजे एकाच पत्र्याचं भांडं शंभर-सव्वाशे ग्रॅमचं असतं. त्याच मापाचं स्टीलचं सहज दुप्पट भरतं. खरं तर टायटॅनियम ॲल्युमिनियमपेक्षा जड आहे. ॲल्युमिनियम घन सेंटिमीटरला 2.7 ग्रॅम, तर टायटॅनियम 4.5. पण ताकद एवढी की पत्रा अगदी पातळ ठेवला तरी चालतो. हलकेपणा तिथून येतो.

आणि अडचणही तिथूनच. ॲल्युमिनियम उष्णता जवळपास दहापट चांगली पसरवतं. टायटॅनियममध्ये ज्योत लागते तेवढीच जागा तापते. मसाई पठारावर मी त्यात दुधाचा चहा ठेवला होता. मधोमध बर्नरएवढं गोल तपकिरी वर्तुळ उमटलं, दूध तळाला लागलं आणि कडेला अजून कोमटच होतं. करपट वास दुसऱ्या दिवशीपर्यंत गेला नाही. तेव्हापासून पाणी आणि पत्ती उकळायची, खाली उतरवायचं आणि मग दूध पावडर, एवढंच त्यात करतो.

खिचडी, पिठलं किंवा आपली कांदा-लसूण चटणी तेलात परतून रस्सा करायचा बेत असेल, तर हार्ड ॲनोडाइज्ड, म्हणजे वर ऑक्साइडचा कडक थर चढवलेलं ॲल्युमिनियमच घ्या. टायटॅनियममध्ये चटणी बघता बघता जळते. किमतीतही मोठा फरक आहे. बाजारातलं साधं ॲल्युमिनियमचं पातेलं सगळ्यात स्वस्त, पण त्यात चिंच, टोमॅटो, आमसुलाचं काही करून ठेवू नका. आंबटाने धातू अन्नात उतरतो. टायटॅनियमला आंबटाचं वावडं नाही. चुलीवर तापवल्यावर ते निळं-जांभळं पडतं, तो वरचा ऑक्साइडचा थर असतो. भांडं खराब झालं म्हणून टाकू नका.

एक मात्र बजावून सांगतो. दुपदरी मग ज्योतीवर कधीही ठेवायचा नाही. दोन पत्र्यांमध्ये कोंडलेली हवा तापून फुगते आणि तो फुटू शकतो. दुकानात विकत घेतानाच एकपदरी आहे का, हे विचारा.

चौघं असाल तर वजनाची काळजी आपोआप कमी होते, कारण भांडी वाटून घेता येतात. आमच्या सॅकमध्ये आता दोन लिटरचं हार्ड ॲनोडाइज्ड पातेलं असतं आणि त्याच्या पोटात माझं टायटॅनियमचं भांडं. खिचडी उतरली की त्याच बर्नरवर चहाचं पाणी चढतं.