बिलिंग कंपनीचा रिपोर्ट फारच स्वच्छ असेल, तर आधी हे वाचा

अमेरिकेत स्वतःची प्रॅक्टिस असलेल्या मराठी डॉक्टरांसाठी, आणि त्याहून जास्त त्यांच्या ऑफिसचा गाडा ओढणाऱ्या घरच्या माणसांसाठी हे लिहितेय. न्यू जर्सीत माझ्या नवऱ्याचा इंटर्नल मेडिसिनचा छोटा दवाखाना आहे. हिशेब मी बघते.

२०२० च्या शेवटी मंडळातल्या ओळखीतून एक गृहस्थ आले. स्वतःची बिलिंग कंपनी, म्हणजे दवाखान्याच्या वतीनं इन्शुरन्सकडे क्लेम (पैशांची मागणी) पाठवून वसुली करणारी; बॅक ऑफिस पुण्यात. “वहिनी, १ जानेवारीपासून सगळं बदलतंय. जुन्या पद्धतीनं कोड टाकलेत तर पैसे अडकतील.” बदल खरा होता. क्लेमवर प्रत्येक व्हिजिटचा एक कोड टाकावा लागतो, त्यावरून पैसे ठरतात. त्यातला नव्या पेशंटचा ९९२०१ हा कोड रद्द झाला, आणि ऑफिस व्हिजिटची पातळी वैद्यकीय निर्णय किती गुंतागुंतीचा होता किंवा डॉक्टरांचा त्या दिवशी एकूण किती वेळ गेला, यावर ठरू लागली. खरं तर त्यानं डॉक्टरांचं लिखाणाचं ओझं कमीच झालं. पण घाबरवून गिऱ्हाईक मिळवायचं असेल तर अर्धं सत्य पुरतं. वसुलीच्या ६ टक्क्यांवर करार झाला.

दर महिन्याला येणारा रिपोर्ट देखणा असायचा. थकबाकी जवळजवळ नाहीच. दवाखान्यात मात्र गर्दी तीच आणि बँकेत जमा कमी. विचारलं की ठरलेलं उत्तर: “नवीन नियमांमुळे सगळ्यांचंच असं चाललंय, वहिनी.”

शेवटी मी इन्शुरन्स कंपन्यांच्या पोर्टलवरून मूळ रेमिटन्स (कुठल्या क्लेमचे किती पैसे दिले किंवा का नाकारले, याचे कागद) उतरवून घेतले आणि आमच्या सॉफ्टवेअरमधल्या नोंदींशी ओळीनं ओळ ताडून पाहिले. इन्शुरन्सनं एका व्हिजिटपुढे सीओ-२९ लिहिलं होतं, म्हणजे क्लेम मुदत उलटल्यावर आला. आमच्याकडे त्याच व्हिजिटपुढे बिलिंग कंपनीनं टाकलेलं सीओ-४५. हा कोड कराराच्या दरापेक्षा जास्त लावलेल्या रकमेचा, जी कुठलाही दवाखाना सोडूनच देतो. इथे सगळीच्या सगळी रक्कम सोडलेली! अशी पानंच्या पानं निघाली. नाकारलेला क्लेम दुरुस्त करून परत पाठवायला डोकं आणि वेळ लागतो; टक्केवारीवाल्याला सोपे क्लेमच परवडतात. बाकीचे त्यांनी गुपचूप निकालात काढले होते, म्हणून थकबाकी दिसत नव्हती. असे पैसे पेशंटकडेही मागता येत नाहीत.

दुसरा प्रकार याहून घातक. डॉक्टरांनी नोटमध्ये ९९२१३ निवडलेला, क्लेमवर त्याच्या वरच्या पातळीचा, जास्त पैशांचा ९९२१४. साध्या सर्दी-खोकल्यालासुद्धा. क्लेम जातो डॉक्टरांच्या एनपीआयवर (त्यांच्या सरकारी ओळख क्रमांकावर), त्यामुळे जाब आधी त्यांनाच द्यावा लागतो; बिलिंगवाला नामानिराळा राहू पाहतो. मेडिकेअरचे (मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी विम्याचे) जास्त आलेले पैसे लक्षात आल्यावर ६० दिवसांत परत करायचे असतात. वकील गाठला, चार्ट तपासून घेतले, पैसे भरले.

तुमच्याकडे कोणी बिलिंग करत असेल, तर क्लिअरिंगहाऊसचं (ज्यांच्यामार्फत क्लेम इन्शुरन्सकडे जातात त्यांच्याकडचं) खातं प्रॅक्टिसच्या नावावर ठेवा आणि रेमिटन्स थेट तुमच्याकडे येऊ द्या. ॲडजस्टमेंटचा, म्हणजे बिलातून वजा केलेल्या रकमांचा, रिपोर्ट कारणानुसार मागा. त्यात पेमेंट शून्य, पेशंटकडे बाकी शून्य आणि अख्खी रक्कम सीओ-४५ मध्ये, अशा ओळी आधी उचला. पेशंटच्या डिडक्टिबलमध्ये (विमा सुरू होण्याआधी पेशंटनं स्वतः भरायच्या रकमेत) गेलेल्यांचा हिशेब वेगळा, त्यांच्यापायी घाबरू नका. पेशंटशी दीर्घकाळचं नातं असलेल्या व्हिजिटसाठीच्या जी२२११ या जादा कोडचे पैसे मेडिकेअर २०२४ पासून देतं. तो सरसकट प्रत्येक व्हिजिटला लावून देतो म्हणणाऱ्याला चहासुद्धा विचारू नका.

मेडिकेअरची मुदत व्हिजिटपासून वर्षाची असल्यामुळे तिथले काही क्लेम आम्हाला पुन्हा पाठवता आले. खासगी कंपन्यांच्या मुदती बऱ्याचदा ९० किंवा १८० दिवसांच्या, ते पैसे बुडाले. मेडिकेअरला परत केलेल्या रकमेवर त्या गृहस्थांनी घेतलेले ६ टक्केही गेले, कारण ते परत करण्याचं कलमच करारात नव्हतं. नव्या कंपनीशी करार करताना ते कलम मी आधी घालून घेतलं, आणि मग दराचं बोलले.