इंपीरियलची पाकिटं की टाटांची?

फर्स्ट फ्लाइट कव्हरांच्या, म्हणजे नव्या हवाई टपालसेवेच्या पहिल्या फेरीतून गेलेल्या पाकिटांच्या, नादाला लागलेल्या आपल्याकडच्या माणसापुढे सुरुवातीला साधारण दोन वाटा असतात. एक इंपीरियल एअरवेज या ब्रिटिश विमान कंपनीची १९२९ची लंडन–कराची सेवा, दुसरी टाटांची १९३२ची कराची–मद्रास. १९११चं अलाहाबाद–नैनी विमान-टपाल मुद्दाम बाजूला ठेवतो. ते प्रदर्शनातलं उड्डाण होतं, नियमित सेवा नव्हे. शिवाय त्याची किंमत नवख्याला परवडत नाही आणि नकला त्याला ओळखता येत नाहीत.

इंपीरियलची मजा पसाऱ्यात आहे. ३० मार्च १९२९ला लंडनच्या क्रॉयडन विमानतळाहून पहिलं टपाल निघालं, परतीचं ७ एप्रिलला कराचीहून. स्वित्झर्लंडमधल्या बाझेलपर्यंत विमान, तिथून जिनोआपर्यंत रेल्वे, जिनोआ ते अलेक्झांड्रिया फ्लाइंग बोट (पाण्यावर उतरणारं विमान) आणि पुढे डी हॅविलँड हर्क्युलीस विमान: गाझा, रुतबा, बगदाद, बसरा, बुशहर, लिंगे, जास्क, ग्वादर, कराची. म्हणजे पहिल्या विमान-टपालाचं म्हणून मिरवणाऱ्या या पाकिटाने आल्प्स चक्क आगगाडीने ओलांडले! यातल्या टपाल चढ-उतार होणाऱ्या ठाण्यांची प्रत्येक जोडी वेगळी जमवता येते. नकाशा समोर ठेवून गोळा करणाऱ्याला आयुष्यभर पुरेल एवढा ऐवज आहे. माल मात्र बराचसा ब्रिटिश विक्रेत्यांकडे, त्यामुळे मागवण्याचा खर्च धरावा लागतो.

टाटांचा मार्ग आटोपशीर. १५ ऑक्टोबर १९३२ला जे. आर. डी. टाटा पुस मॉथ विमान घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले आणि तिथून त्यांचे सहकारी वैमानिक नेव्हिल व्हिन्सेंट टपाल घेऊन बेल्लारीमार्गे मद्रासला गेले. ठाणी पाच, जोड्या दहा, दोन्ही दिशा धरल्या तर वीस. वीसच्या वीस मिळतीलच असं नाही, पण संग्रह कुठे संपतो ते तरी दिसतं.

इथवर तोलून पाहिलं तर पारडं इंपीरियलकडेच झुकावं. माझं तसं झालं नाही, कारण पाकिटाची पाठ.

त्या काळी लंडनचं टपाल खातं साध्या पत्रांवर पोचल्याचा शिक्का सहसा मारत नसे. कराचीहून लंडनला गेलेलं पाकीट हातात घ्या. पुढे कराचीचा शिक्का, निळं एअर मेल लेबल, कदाचित कॅशे (त्या उड्डाणासाठी मुद्दाम केलेला सजावटीचा ठसा), सगळं देखणं. उलटं करा, तर पाठ कोरी. पत्र खरंच विमानाने गेलं की वाटेत कुठे बोटीवर चढलं, सांगायला काही नाही. रजिस्टर्ड पाकिटावर पोचेचे शिक्के मिळतात, पण त्याचे पैसे वेगळे. दर खरेदीला ही शंका मनात ठेवून पाकीट अल्बममध्ये सरकवायचं, हे मला जमत नाही. दुसऱ्या कुणाला कदाचित त्याचं काही वाटणारही नाही.

आपल्याकडच्या टपाल कचेऱ्या मात्र पाठीवर शिक्का मारण्यात कसूर करत नसत. टाटांच्या कराची–मुंबई पाकिटावर मागे मुंबईचा १५ ऑक्टोबर ३२चा शिक्का असेल, तर वेगळा पुरावा लागत नाही. सकाळी कराचीहून निघालेलं टपाल त्याच दिवशी मुंबईत पोचवणारी गाडी किंवा आगबोट नव्हतीच. मद्राससाठी १६ तारीख बघायची. दोन शिक्के आणि मधलं अंतर, एवढ्यावर निकाल लागतो.

इंपीरियलच घ्यायचं ठरलं असेल तर निदान लंडनहून भारतात आलेली पाकिटं घ्या. त्यांच्या पाठीवर आपल्याकडचा शिक्का असतो, आणि बोटीच्या टपालाला दोन आठवडे लागत असल्याने तारखेवरून विमानाचा प्रवास लगेच ओळखू येतो.

घेण्याआधी दोन्ही बाजूंचे स्कॅन मागाच. जुन्या संग्राहकांनी पाकिटं अल्बमच्या पानांवर डिंकाने चिकटवलेली असतात. ती सोलून काढताना नेमका पाठीवरचा शिक्का जातो, आणि विक्रेता फक्त पुढची बाजू दाखवतो. तिकिटावरचा शिक्का पाकिटाच्या कागदावर उतरलेला हवा आणि काठाशी रेषा जुळायला हवी. जुळत नसेल तर तिकीट नंतर लावलेलं आहे. भारताची विमानचित्राची एअर मेल तिकिटं, २ ते १२ आण्यांची, ऑक्टोबर १९२९मध्ये आली. ७ एप्रिल १९२९च्या पाकिटावर ती दिसली तर पुढे बोलायलाच नको. अंधारात अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारून बघा: कागद निळसर-पांढरा झगमगला तर तो दुसऱ्या महायुद्धानंतरचा समजा, कारण कागद उजळवणारी ती रसायनं त्याआधी वापरात नव्हती.

टाटांच्या पाकिटांतही खोट आहेच. बरीचशी संग्राहकांनीच स्वतःच्या पत्त्यावर धाडलेली असतात, त्यामुळे तीच ती नावं पुन्हा पुन्हा दिसतात आणि तिकिटं गरजेपेक्षा जास्त चिकटवलेली असतात. व्यापारी पेढीचं, नेमक्या दराचं, हाताळून मळलेलं पाकीट मिळालं तर ते देखण्या पाकिटापेक्षा मी वरचं मानेन. जे. आर. डीं.ची सही असलेल्या पाकिटाला जास्त पैसे देताना थांबा. सही किती वर्षांनी केली ते पाकीट सांगत नाही. १९८२ला त्यांनी हेच उड्डाण पुन्हा केलं. त्या निमित्ताची पाकिटं छान असतात, पण ती १९३२ची नव्हेत.

ठेवायला पीव्हीसीच्या पिशव्या नकोत. त्या चिकट होतात आणि शाई ओढतात. पॉलिस्टरच्या पिशव्या घ्या. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात झाकणाचा डिंक ओला होऊन पाकीट आपोआप चिकटतं, म्हणून झाकणाच्या आत कोऱ्या पातळ कागदाची पट्टी ठेवा आणि डब्यात सिलिका जेल.

पहिली खरेदी कराची–मुंबई असू द्या, तारीख स्वच्छ वाचता येईल असं पाकीट बघून. बेल्लारीचं दिसलं तर जरा मळकं असलं तरी सोडू नका. आणि १९३५ची मुंबई–त्रिवेंद्रम सेवा गोव्यावरून जायची. गोव्याच्या शिक्क्याचं पाकीट समोर आलं, तर बेल्लारीचे पैसे तिकडे वळवायला माझी हरकत नाही.