वारंवार निखळणाऱ्या खांद्यावरील शस्त्रक्रिया : एका रुग्णाचा अभिप्राय

उजवा खांदा पाचव्यांदा निखळला तो झोपेत कूस बदलताना, आणि केवळ व्यायामावर विसंबून राहण्याचे दिवस संपले हे तेव्हाच उमगले. शल्यचिकित्सकांनी एमआरआयसोबत सीटी स्कॅनचाही आग्रह धरला, ही या सेवेतील मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट. कारण खांद्याच्या वाटीभोवतीची कूर्चेची कड नुसती सुटली असेल, तर दुर्बिणीतून ती टाक्यांनी पुन्हा हाडाला बसवणारी बँकार्ट शस्त्रक्रिया बहुधा पुरते, परंतु वाटीचे हाडच बरेच झिजले असेल, तर टाक्यांवर भिस्त ठेवल्यास खांदा पुन्हा निखळण्याचा धोका वाढतो. पडद्यावर माझ्या वाटीचा पुढचा काठ टवका उडालेल्या बशीसारखा दिसत होता. म्हणून १९५४ साली मिशेल लाटार्जे यांनी मांडलेली पद्धत निवडली. तीत फऱ्याच्या हाडाचा चोचीसारखा भाग त्याला जोडलेल्या स्नायूंसह कापून वाटीच्या काठावर स्क्रूंनी बसवतात, आणि हात उचलून बाहेर फिरवताना तेच स्नायू पुढून पट्ट्यासारखा आधार देतात. मज्जातंतूला इजा होणे, हाड न जुळणे, हे धोके आधीच स्पष्ट सांगितले गेले.

उणीव राहिली ती नंतरच्या मार्गदर्शनात. सदरा घालताना शस्त्रक्रियेचा हात आधी बाहीत सरकवायचा, हे मला दुसऱ्या आठवड्यात फिजिओथेरपिस्टकडून कळले. ते घरी सोडतानाच सांगायला हवे होते. हात बाहेर फिरवण्याची हालचाल आजही थोडी कमी आहे, पण वरच्या फळीवरचा डबा मी आता न घाबरता काढतो.